रिकाम्या पोटी

गोळी घेतली की अर्धा तास थांबायचं, मग चहा.
अकरा वर्षं थांबलो.
परवा वीजबिलाच्या पाठीवर हिशेब मांडला,
त्र्याऐंशी दिवस निघाले
नुसते झाकलेल्या कपाकडे बघत बसलेले.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात मी फायर सेक्शनला.
वाळूच्या बादल्या, भिजवलेली पोती,
धूर दिसायच्या आधी धावायचं.
पोटातही तेच करत आलो.
आग लागलीच नाही कधी,
भूकही धड लागली का, आठवत नाही.

बाजारातल्या दवाखान्यात मुळगुंद डॉक्टरांनी
नळी घालून पडद्यावर दाखवलं:
ओलं, गुलाबी, माझंच म्हणे,
आणि अस्तरावर ठिकठिकाणी
भिजवलेल्या साबुदाण्यासारखे बारीक दाणे.
“पॉलिप. या गोळीनं येतात कधीकधी.
घाबरायचं काही नाही.
पण गोळी दिली कुणी? किती दिवसांसाठी?”
जुनी चिठ्ठी सापडली पासबुकात.
आठ आठवडे, असं लिहिलेलं.
लिहिणारे डॉक्टर केव्हाच वारले.

आता एक दिवसाआड.
तिसऱ्या रात्री छातीपर्यंत पेटलं.
दाबलेलं उसळणारच, थोडे दिवस,
हे मुळगुंद बोलले होते.
भिंतीला टेकून बसलो,
स्टेशनावरून जाणाऱ्या मालगाडीचे डबे मोजत.
एकोणचाळीसला चुकलो.
वैजयंता उठली. दुखतंय?
नाही गं, म्हटलं,
अकरा वर्षांची रजा संपवून
एक जण कामावर आलाय.
कूस बदलत ती म्हणाली,
मग उद्यापासून त्याचाही डबा करू?