उसना कान

डाव्या कानानं मला हल्ली निम्मंच ऐकू येतं.
उजवा बीटच्या ट्रकांनी कधीच खाल्ला.
बायको म्हणते, पुरे झालं आता, ऑर्लिन.
पण ऑक्टोबरात रेड रिव्हरच्या काठी
साखरेचं बीट निघतं,
आणि लुइझियाना, आयडाहो, कुठून कुठून
माणसं आपली घरं चाकांवर घालून येतात मजुरीला.
थंडी पडली की ती घरं बोलायला लागतात.

मोटरहोमची एक भिंत बाहेर सरकते.
बटण दाबलं की खाट, कपाट, खिडकी सगळं घेऊन
खोली हातभर पुढे येते,
टेबलाचा खण ओढावा तशी.
तिचे आवाज मला पाठ आहेत:
कुईकुई, म्हणजे रबराची कड सुकली.
कटकट, म्हणजे गिअरचा दात चुकला.
घरघर असेल तर बॅटरी दमलीय, मोटरला बोल लावू नका.
धप्प, जरा थांबून पुन्हा धप्प,
तर रोलर कुठेतरी सपाट झिजलाय.
पाठ आहेत. ऐकू येत नाहीत.

थिबोडोबाईंनी सकाळी दार उघडलं.
बीटच्या ढिगाऱ्यावर रात्र काढून आलेल्या,
पापण्यांवरसुद्धा माती.
"किंचाळते हो ती, अख्खं मैदान उठवते," म्हणाल्या,
आणि बसल्या जागी झोपून गेल्या.

बटणापाशी उरली त्यांची कोरीन. वय वर्षं नऊ.
मी खाली, गोठलेल्या गवतावर पाठ टेकून,
तळहात लोखंडी पट्टीला लावून.
"दाब!" मी ओरडलो. "कसा येतो, सांग."
"फळ्यावर नख."
म्हणजे रबर. कडेनं सिलिकॉन मारलं.
तेल नाही, तेल रबराला आतून कुरतडतं.
"आता?"
"नख गेलं. आता कुणीतरी झोपेत दात खातंय."

झोपेत दात खातंय!
चाळीस वर्षांत एकाही मेकॅनिकनं
इतकं नेमकं सांगितलं नव्हतं मला.
दातेरी पट्टीवर कुणीतरी मायेनं ग्रीस थापलेलं,
आणि ग्रीसला मातीची भारी ओढ.
शेतातली काळी माती, थंडीनं दगड झालेली,
ब्रशनं, मग स्क्रूड्रायव्हरनं, मग नखानं काढली.
"आता?"

बराच वेळ काही नाही.
मग गाडीखाली एक उलटं तोंड डोकावलं, वेण्या लोंबत्या.
"आता छोटाच आहे. तो राहू दे ना."
"का गं?"
"रात्री वारा असतो म्हणून भिंत आत असते.
आई आली की ती बाहेर सरकवते.
हा वाजला की मला कळतं.
मग मी परत झोपते."

हा आवाज माझ्या यादीत नव्हता.

टॉर्च मारला. मागचा रोलर फिरतच नव्हता,
नुसता फरफटत होता.
असा सोडला तर वसंतापर्यंत जमीन फाटली असती.
तिला तसं सांगितलं, लहान म्हणून काही लपवलं नाही.
तिनं ओठ मुडपले. मी पिन ठोकून काढली,
व्हॅनमधला नायलॉनचा नवा रोलर बसवला.
भिंत सरकली, लोण्यातून सुरी जावी तशी.
तळहाताला काही लागलं नाही.
वरून कुणी काही बोललंही नाही.

मग शिडी लावली,
वरच्या कोपऱ्यातलं वीतभर रबर
फडक्यानं पुसून पुन्हा कोरडं केलं.
"दाब."
माझ्या कानात फक्त वारा.
"येतो?"
"येतो," ती म्हणाली. "पण आईला नाही येणार."

बिलात लिहिलं: रोलर एक, सिलिकॉन, साफसफाई.
ऐकण्याचे पैसे लावले नाहीत.
ऐकलं तिनं होतं.