दोन टोले

मल्लय्या मिस्त्रीला ऐकू कमी येतं.
अठ्ठावीस वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात गेली,
मग मिल बंद, मग हैदराबाद रोडला हे गॅरेज:
पत्र्याचं छप्पर, मुरुमाची जमीन, एक कॉम्प्रेसर.

म्हणून आमचं ठरलेलं.
तो ट्रेलरखाली, मी केबिनमध्ये.
चेसीवर पान्याचा एक टोला: दाब.
दोन टोले: सोड.

लातूरला बॉयलर न्यायचाय. नव्वद टन.
मधे तुळजापूरचा घाट.
चढावर इंजिन दमलं तर
आरशात मागं फक्त बॉयलर दिसतो.

टण्ण. दाबलं.
खाली तो बूस्टरच्या दांड्यावर खडूनं रेघ मारणार,
रेघ किती सरकली ते बोटानं मोजणार.
पट्टी असते खिशात, काढत नाही.
टण्ण टण्ण. सोडलं. फुस्स.
एक अ‍ॅक्सल झाला.

हवा गळते का, तेही त्याला ऐकू येत नाही.
ओला गाल पाइपाजवळ नेतो,
न्हाव्यापुढं बसल्यागत.
"ऐकणारे फसतात बे," म्हणतो,
"रस्त्यावर आवाज लई. गालाला एकच काम."

पाचव्या अ‍ॅक्सलपर्यंत सुरळीत.
सहाव्याला एक टोला आला,
पुढचे दोन आलेच नाहीत.

पाय पेडलवर. पोटरीत गोळा.
शेठचा फोन डॅशबोर्डवर थरथरत सरकतोय,
निघालास का, निघालास का.
हाक मारून उपयोग नाही.
उतरावं तर पाय सुटणार,
आणि त्याची बोटं कुठं आहेत कुणास ठाऊक.
चौसष्ट चाकांखाली एक माणूस
आणि मी त्याचं नाव घेत बसलोय
मनातल्या मनात, मोठ्यानं.

टण्ण टण्ण.

बाहेर आला तेव्हा हातात काही नव्हतं,
फक्त तर्जनी काळी, चकचकीत.
माझ्या नाकापुढं धरली. ग्रीस.
हबचं सील फुटलेलं, लायनर ते पिऊन बसलेला.
"पिलेल्या माणसाच्या खांद्यावर पोरगं देतंस काय बे?
ही आज जात नाही."

शेठला मीच कळवलं.
शेठ जे बोलला ते मिस्त्रीला ऐकू गेलं नाही.
नशीबवान माणूस.

परवा घाट चढलो.
निम्म्यावर पुढं एक बस आडवी, सगळं ठप्प.
नव्वद टन जागच्या जागी उभे, तसूभर नाही हलले.
खडूच्या रेघा एव्हाना पुसल्या असतील.
बस निघाली, मागचे हॉर्न मारायला लागले,
तरी मी पाय दाबून धरलेला,
वाट बघत
दोन टोल्यांची.