पुढचा शाफ्ट मागे

वाडी नाक्यामागे, जुन्या टायरांच्या सावलीत
निनावे मिस्त्री जीपखाली उताणा.
मागचा शाफ्ट गोरेवाड्याच्या चढावर तुटला.
तिथून इथवर पुढच्या चाकांनीच
ओढत आणलं मला, मे महिन्यात.

"पुढचाच काढून मागं लावतो," खालून आवाज.
"काम काय केलं त्यानं आजवर?
चिखल दिसला का तेवढं फिरायचं,
नाही तं लटकून बसायचं जावयावानी."

सुतळीनं माप घेतलं. दोन बोटं कमी.
म्हणजे खोबणीतले दात अर्धेच धरणार.
तरी नवे क्रॉस ठोकले, ग्रीस भरलं,
पुढच्या उघड्या तोंडाला
स्वतःच्या बनियनची चिंधी बांधली.
"चाळीसच्या वर नको जाऊ, बापा.
अन् फोर-व्हील इसर."

अमरावती रोडनं तीस-पस्तीसनं निघालो.
मागून ट्रक शिव्या दिल्यासारखे हॉर्न मारत.
बुडाखाली एक नवखा घसा
सारखा खाकरत होता,
पहिल्यांदाच गल्ल्यावर बसवलेल्या पोराचा.

बाजारगावच्या अलीकडे, नाल्याच्या कोरड्या रेतीत
चाक रुतलं,
तेव्हा हात सवयीनं छोट्या दांड्यावर गेला.
दांडा सरकला. खट्ट वाजलं.
पुढे कोणी नव्हतं.