पहिल्या भागातलं मढं

प्रोसर परत येतोय.
बेकरीच्या काचेवर कागद, चॅपलच्या फळ्यावर कागद,
आणि पोस्टातली मेरेरिड तिकिटं मोजता मोजता सांगते,
जणू तिचाच थोरला बोटीवरून घरी यायचाय.
चौदा वर्षं झाली. शेवटच्या भागात
इन्स्पेक्टर प्रोसर धक्क्यावरून चालत गेला,
पाठमोरा, धुक्यात,
आणि आमच्या गावाची रविवार रात्र
पुसून ठेवलेल्या बशीसारखी उरली.

मी एलिनेड. धक्क्यामागची लाँड्री माझी.
पण पोर्थ वेलेनमध्ये कुणालाही विचारा,
सांगतील, ती होय? ती पहिल्या भागातलं मढं.

खोटं नाही.
जानेवारीत, ओहोटीला, तीन तास
गोट्यांवर पालथी पडून होते मी,
एका पायात बूट, केसांत खरं शेवाळ,
मानेवर रंगवलेलं काळंनिळं.
आमच्याकडे प्रत्येक प्रसंग दोनदा घेत,
आधी वेल्शमध्ये, मग इंग्रजीत.
प्रोसर दोनदा वाकला, दोनदा टोपी काढली,
दोन भाषांत म्हणाला,
"कुणाची तरी लेक आहे ही."
माझं काम मात्र एकदाच धरलं, पैसेही एकदाचेच.
मढ्याला भाषा नसते, म्हणाला हिशेबनीस.

आईनं तो भाग पाहिला नाही.
स्वयंपाकघरात रेडिओ मोठा करून
बटाटे सोलत बसली, दहा माणसांना पुरतील एवढे.
ग्विलिमला मात्र कोण कौतुक!
आल्यागेल्याला टेप थांबवून दाखवायचा,
"बघा, इथे. खांदा हलला. श्वास घेतलान् हिनं."
आता ग्विलिम नाही.
टेप आहे, ती लावायचं यंत्र नाही.

सोमवारी गाड्या आल्या.
हॉटेलच्या अंगणात एक पोरगी यादी घेऊन बसली,
बाजारातली गर्दी हवी, अंत्ययात्रेला माणसं हवीत,
रोजचे पैसे, वर गरम जेवण.
सगळं गाव रांगेत. मीही, त्यातल्या त्यात बरा स्वेटर घालून.
तिनं नाव पाहिलं, ओठ चावला.
"तुम्ही मेलेल्या आहात," म्हणाली हळूच,
डॉक्टर सांगतात तशी.
"लोक ओळखतात हो. पत्रं येतात."
खाटीक ह्यू तिसऱ्या भागात चोर होता,
त्याला घेतलं.
शिक्षा भोगून सुटला असेल, म्हणे.

तर सात आठवडे असे,
भोंगा वाजला की मी माझ्याच दाराआड.
काचेतून बघायचं गाव,
आपल्यावाचून बाजार करणारं.

मग एका सकाळी तो स्वतःच आला,
गुडघा ओढत, हातावर कोट.
जुना कोट कार्डिफला, काचेच्या पेटीत आहे.
हा नवा, पॉलिश पेपरनं घासघासून म्हातारा केलेला,
चिखलसुद्धा मोजून शिंपडलेला.
"कॉलरवर सॉस सांडलाय. तेवढाच काढा," म्हणाला,
"बाकीचे डाग राहू देत. ते कामाचे आहेत."

मी चिठ्ठी लिहायला घेतली.
त्यानं चष्मा पुसला, आणि
तेव्हा वाकून पाहिलं होतं तसंच पाहिलं.
"आपण भेटलोय."
"मी पहिली," म्हटलं.

यंत्रात कुणाच्या तरी चादरी गरगरत होत्या.
तो बाकावर टेकला. बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "गंमत बघा,
तुमची मान आठवते. तो बूट आठवतो.
दुसऱ्यांदा वाकलो तेव्हा तुम्हाला हुडहुडी भरली होती,
तेही आठवतं. पण खुनी कोण होता,
ते काही केल्या आठवत नाही."

ओठांवर आलं होतं नाव.
ते शाळेतलं शिपाईकाकांचं साधं नाव.

पण म्हटलं, असू दे.
"गुरुवारी या," मी चिठ्ठी फाडून दिली,
"या हवेत वाळायला वेळ लागतो."