दुसऱ्या पक्षकाराचे नाव

सीबीएससमोर, कोर्टाच्या भिंतीला टेकून
माझं लोखंडी टेबल, छत्री, शाईचा पॅड.
पाचशेचा मुद्रांक मागितला की वही उघडून विचारते,
घेणाराचं नाव? कारण? हस्ते कोण?
आणि दुसऱ्या पक्षकाराचं नाव?

इथं लोक अडखळतात.
सख्खा भाऊ असतो, बिल्डर असतो,
कधी वैर इतकं, की नाव तोंडानं घेववत नाही,
चिठ्ठीवर लिहून सरकवतात.
पण रकाना कोरा राहिला
असं तेवीस वर्षांत झालं नाही.

आज हमीद कोकणी पेपर घेऊन आले.
"ऐका, चंद्रकलाबाई.
कुठल्याशा देशाच्या प्रमुखानं
आपल्याच सरकारवर दावा लावलाय.
अब्रू, मनस्ताप, सगळं धरून.
आणि सरकार म्हणतंय, तडजोड करू."

सरकार म्हणजे कोण?
"त्यानंच नेमलेला वकील."

मी पेन खाली ठेवलं.
लिहून देणार, तो.
लिहून घेणार, तो.
साक्षीदार, त्याच्याच दाराशी उभे असलेले दोघं.
टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच खुर्ची,
फरशीवर ओरखडे काढत
इकडून तिकडे ओढलेली.

हमीदभाई नोटप्रेसमधून निवृत्त.
"छत्तीस वर्षं नोटा मोजल्या," म्हणाले,
"रोज सुटताना गेटवर झडती.
डबा उघडा, चपला झटका.
एकदा तर भाकरीच्या घडीतसुद्धा
बोट घालून पाहिलं त्या पोरानं.
फार लागलं होतं मनाला."
मग पेपरची घडी घालत, हळूच,
"बरा होता तो गेट."

मी नऊ वर्षांची होते.
मखमलाबादची एकोणीस गुंठे, वडिलांमागे माझ्या नावावर.
नाव तरी कसं,
अज्ञान चंद्रकला, तर्फे अ.पा.क. दगू रामजी पिंगळे.
दगूकाकांनी माझ्यावर दावा लावला,
मला सांभाळल्याच्या खर्चाचा.
शेर-पायलीसकट हिशेब.
आणि माझ्या वतीनं तडजोडही तेच करून आले,
'मुलगी राजीखुशीने कबूल करते की…'
राजीखुशी तेव्हा खिडकीतून
भेळवाल्याची गाडी बघत होती.

न्यायाधीशबाईंनी कागद दोनदा वाचला.
"दोन्हीकडे सही एकच आहे."
आवाज चढवला नाही त्यांनी.
"या मुलीच्या बाजूनं कोण आहे?"
बेलिफ दाराकडे वळून पाहू लागला,
जणू कोणी बाहेर थांबलं असेल.

मग बाकावरच्या एका नवख्या वकिलाला उठवलं,
झुंबरलाल भंडारी, कोटाची बाही आखूड.
त्यांनी मला विचारलं, तुझी जमीन कशी आहे गं?
मी म्हटलं, कडेला कढीपत्त्याचं झाड आहे.
त्यांनी ते लिहून घेतलं.

एकोणीस गुंठ्यांना, एका कढीपत्त्याला
एवढं कुंपण होतं.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं.
एक खराब झालेला मुद्रांक उलटा केला, लिहू लागले.
खुर्चीवर असेतो स्वतःचा दावा स्वतः मिटवू नये.
मिटवायचाच, तर ज्यानं त्याचं मीठ खाल्लं नाही
असा कोणी तिसरा समोर बसवावा,
आखूड बाहीचा चालेल.
आकडा चव्हाट्यावर वाचावा, एकही शून्य न गिळता.
"चपला झटकायचं लिहा," हमीदभाई म्हणाले.
लिहिलं.

पाठीवर सवयीनं शिक्का मारला,
रकाने भरत गेले.
घेणाराचं नाव, कारण, हस्ते.
दुसरा पक्षकार:
अज्ञान जनता, तर्फे

आणि पेन तिथंच.
समोर कोर्टाच्या पायऱ्यांवर
कोणी एक मुलगी आईची वाट बघत
चिंचेचा गोळा चोखत बसली होती.