टक

हळकुंड कसं मोडायचं ते मला कुणी शिकवलं नाही.
सोळाव्या वर्षी यार्डात लागलो, वानगीची पाटी धरायला.
एकदा शेठ चहाला गेलेले, पोत्यातलं एक बोट उचललं,
कानाशी नेलं, मोडलं.
आवाजच नाही.
"ओल आहे यात," म्हणालो, आणि सगळी अडत हसली.
संध्याकाळी पोतं पालथं केलं, तळाशी बुरशी.
तेव्हापासून सांगलीत माझ्या कानाला दर आला.

वाळलेली राजापुरी मोडते तेव्हा टक होतं,
खडूची कांडी मोडावी तसं, पण आत थोडा धातू असलेलं.
त्या टकवर मी एकोणपन्नास सीझन काढले.
बोटं इतकी पिवळी की लग्नात नवरीकडच्या बायका म्हणाल्या,
जावईबापूंना वेगळी हळद कशाला लावायची?

निवृत्तीचं वय सरकारी माणसाला असतं.
चिठ्ठी येते, नारळ, शाल, भिंतीवरचं घड्याळ.
अडतीवर कोण चिठ्ठी देणार?
शेठचा नातू म्हणायचा, "भूपालअण्णा, एवढा सीझन काढा."
दर सीझनला हेच म्हणायचा.
मलाही ते ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग एका फेब्रुवारीत कसबे डिग्रजची बाई आली,
आक्काताई मगदूम, टेम्पोत पोत्यांवर बसून.
हळकुंड मोडलं.
आवाजच नाही.
"ओल" हा शब्द जिभेवर आला होता,
तेवढ्यात तिच्याकडं नजर गेली. बाई हसत होती.
तिनं ऐकलं होतं.
मी दुसरं मोडलं, तिसरं मोडलं,
आणि तिच्या तोंडाकडं बघून दर सांगितला.
बरोबर सांगितला.
घरी येऊन जेवलो नाही.

कानात मशीन घालून पाहिलं.
त्यात सगळंच टक होतं, चमचा, कडी, सुलोचनाची बांगडी,
ओली हळदसुद्धा खणखणीत.
मंगळवारी सौदा संपल्यावर पाटी नातवाच्या हातात दिली.
"अजून अर्धा सीझन आहे," तो म्हणाला.
मी म्हणालो, "हो."

पुढचे दोन-तीन महिने सांगण्यासारखे नाहीत.
पहाटे पाचला उठून काय करायचं, ते पाचला कळत नाही.
कृष्णेच्या घाटावर बसायचो,
येताना भाजीवाल्याच्या आल्याला बोट लावून
मनातल्या मनात दर धरायचो.
चैत्रात बोटं पांढरी पडली.
दुसऱ्याच कुणाची तरी वाटायची,
एका रात्री तर खिशात घालून झोपलो.

अक्षय्य तृतीयेला आक्काताई दारात.
पदरात सात गड्डे.
"त्या दिवशी तुम्हाला ऐकू आलं नव्हतं," म्हणाली.
"आमच्या मालकांचंबी असंच झालं होतं."
आणि चहा न घेता गेली.

तेलाचे डबे कापून गच्चीवर लावले.
भादव्यात पानांच्या मधून फूल वर आलं,
पांढरं, कडेला जरा गुलाबी.
सुलोचनाला हाक मारून मारून वर आणलं.
एवढी वर्षं हळद हाताळली,
हिला फूल येतं
हे कुठल्या पोत्यानं कधी सांगितलं नव्हतं.

माघात पानं माना टाकून वाळली.
डबा पालथा केला, माती झटकली,
एक बोट मोडलं, सवयीनं कानाशी नेऊन.
काही नाही.
ओल आहे.
असणारच की.
रस मनगटापर्यंत ओघळला.

"किती भरली?" सुलोचना खालून विचारत होती,
दुसऱ्यांदा असावं.
"लोणच्यापुरती!"
"मग लिंबं आणा."
पिशवी घेतली, चपला शोधल्या,
हात धुवायचे राहिलेच.