तळटीप

दिवाळ्याच्या जेट्टीवर बसून
मथुराने पेपर शोधला:
‘खाडीतील तिसऱ्यांची घट’, १९८४.
सारांश फुकट.
पुढे एकोणचाळीस डॉलर.

ते सर यायचे, पँट दुमडून, बरण्या घेऊन.
पाय कुठे रुततो, कुठल्या उधाणानंतर
तिसरी रिकामी निघते,
आई सांगायची.
ते पेन्सिलीने लिहायचे,
शाई ओल्यात पसरते म्हणून.

शेवटी सरांच्या मुलीनेच
ठाण्याहून प्रत पाठवली, फोटो काढून.
कडा कसरीने खाल्लेल्या.
मथुरा थेट शेवटच्या पानावर.
तळटीप चार: ‘स्थानिक स्त्री, तोंडी माहिती.’

तिने फोटो मोठा केला.
आणखी मोठा.
अक्षरं फुटून नुसते ठिपके उरले,
ओहोटीला चिखलावर दिसतात
तशी श्वासाची भोकं.

आई नेमकं तिथेच बोट खुपसायची.